ट्रॅकचं ऑइल

एकतीस वर्षं मी आकुर्डीच्या कंपनीत इंजिनं जोडली. त्यामुळं इंजिनातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज होता आणि घरात कुणी तो मोडायला गेलं की माझं डोकं फिरायचं. मुलगी माझ्यावरच गेली होती. चाकणच्या एका कंपनीत ती इंजिनाच्या टेस्टिंगला होती. दिवसभर इंजिन तापवायचं, पळवायचं आणि कशानं मरतंय ते बघायचं, हे तिचं काम. स्वतःच्या पगारातून तिनं एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि रविवारी भाड्यानं मिळणाऱ्या रेसच्या ट्रॅकवर ती पळवायचं ठरवलं. याला माझी हरकत नव्हती. गाडी तिला मीच शिकवली होती, रावेतला रिकामे रस्ते होते तेव्हा. आमचं घोडं अडलं ते ऑइलवर.

गाडीच्या पुस्तकात झिरो डब्ल्यू ट्वेंटी लिहिलं होतं. पातळ ऑइल. मी म्हणालो, ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी सांगितलंय, तेच टाक. ती म्हणाली, "पप्पा, ते रोजच्या रस्त्यासाठी, मायलेज मिळावं म्हणून. वाकडच्या सिग्नलला उभं राहायला ठीक आहे. ट्रॅकवर ऑइल एकशे तीस डिग्रीपर्यंत तापतं. तेव्हा ते इतकं पातळ होतं की बेअरिंगवर टिकत नाही." तिला फाइव्ह डब्ल्यू फोर्टी टाकायचं होतं. मग तिनं मला, एकतीस वर्षं इंजिनं जोडलेल्या माणसाला, आकडे समजावून सांगितले. पहिला आकडा थंड इंजिनाचा, जितका लहान तितकं ऑइल सकाळी लवकर वर चढतं. दुसरा तापलेल्या इंजिनाचा, जितका मोठा तितकं ते उष्णतेत अंग धरून राहतं. हे मला माहीत होतं. शिकवणारी आपली पोर आहे, एवढंच पचत नव्हतं.

"बेअरिंगमधल्या ज्या फटीसाठी पातळ ऑइल ठरवलंय, तिथं जाड ऑइल वेळेवर पोचत नसतंय," मी सुनावलं.

"तापल्यावर ते जाड राहतच नाही, पप्पा."

तीन आठवडे जेवताना हाच विषय. बायको म्हणायची, "माझ्या फोडणीच्या तेलाची कधी कुणी एवढी चौकशी केली नाही." आम्ही दोघंही हसायचो नाही. मोडेन पण वाकणार नाही, असल्या दोन माणसांच्या मध्ये बसून ती बिचारी भाकरी वाढायची.

शेवटी मुलीनं तिचंच ऑइल टाकलं. पातळी मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेला बरोबर टेकवलं, कारण लांब वळणावर ऑइल एका बाजूला चढतं आणि पंप हवा ओढायला लागतो. ऑइलच्या तापमानाचा एक काटाही बसवून घेतला. मग मला म्हणाली, "पप्पा, चला ना. शेजारी बसा आणि काट्यावर लक्ष ठेवा. एकशे चाळीसला गेला की ओरडा. ओरडायला तुम्हाला आवडतंच."

मी म्हणालो, "चुकीच्या ऑइलच्या गाडीत मी बसत नसतो."

ती एकटी गेली. मी दिवसभर गॅलरीत फोन हातात धरून बसलो. इंजिन जाम झाल्याचा फोन येईल म्हणून वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू, यावा असंही वाटत होतं. संध्याकाळी ती घामानं आणि धुळीनं माखलेली, हसत घरात आली. काटा एकशे बत्तीसच्या वर गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तिनं ऑइल उतरवलं आणि मला हाक मारली. जुनं ऑइल बोटांत चोळून बघायची मला सवय आहे. त्यात धातूचा बारीक कीस असला तर बोटाला लगेच कळतो. कंपनीत दुसऱ्या लाइनवरचे लोकही त्यासाठी मला बोलवायचे. मी चोळलं. कचकच नव्हती. रंग काळपट झाला होता, पण ऑइल अजून बोटाला धरून होतं. एवढं तापून निघालेलं ऑइल इतकं चांगलं राहिलेलं मी क्वचित बघितलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. तिच्या कंपनीत तिला शाबासकी मिळत असेल, पण तिला ती माझी पाहिजे होती. हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी फडक्याला हात पुसले आणि म्हणालो, "एका दिवसानं काय कळतंय?"

तिचा चेहरा उतरला. मग नेहमीसारखं सावरून म्हणाली, "बरं. पुढच्या महिन्यात परत जाणारे. तेव्हा तुम्ही बसा शेजारी, मग ठरवू."

पुढच्या महिन्यात तिला डेंग्यू झाला. ट्रॅकवर जिला साधं खरचटलं नाही, तिला एका डासानं नेलं. सहा दिवसांत. मी प्लेटलेट्स किती झाल्या हे विचारत हॉस्पिटलचे जिने चढत-उतरत होतो, रक्त द्यायला माणसं गोळा करत होतो. तिच्याजवळ दहा-दहा मिनिटं सोडायचे. त्या दहा मिनिटांत मी काय बोललो? पाणी पी. पांघरूण घे. एकदा ती म्हणाली, "गाडी अधूनमधून सुरू करत जा, पप्पा." तेव्हा ‘ऑइल चांगलं निघालं होतं’ हे अगदी ओठांवर आलं होतं. वाटलं, आत्ता सांगितलं तर तिला कळेल की पप्पा घाबरलेत. घरी आल्यावर सांगू. ती घरी आली नाही.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. सकाळी जाग आली की अजून छातीत कळ येते. डॉक्टर म्हणतात, हृदयाला काही झालेलं नाही. माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

गाडी उभी असली तरी ऑइल वर्षाकाठी बदलावं लागतं, म्हणून गेल्या आठवड्यात आकुर्डीतल्या दुकानात गेलो. तिथं आयटीतला एक माणूस दोन हातांत दोन डबे घेऊन उभा होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्याला पहिल्यांदाच ट्रॅकवर गाडी न्यायची होती आणि कुठलं ऑइल टाकावं ते ठरत नव्हतं. दुकानदार त्याला म्हणाला, "भाऊ, या काकांना विचारा. हयात गेलीय त्यांची इंजिनात."

त्यानं विचारलं आणि मी सांगत सुटलो. थंडीचा आकडा, उष्णतेचा आकडा, पातळी कुठवर ठेवायची, आल्यावर ऑइल कधी उतरवायचं. शब्द न शब्द तिचा होता. "पुस्तकातलं रस्त्याला बरोबर आहे," मी म्हणालो. "ट्रॅकला हे उजव्या हातातलं न्या. माझ्या पोरीनं हेच टाकलं होतं. मी नको म्हणत होतो. तिचंच बरोबर होतं."

माझा आवाज जरा चढला असावा, कारण दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. आयटीवाला मात्र खूश झाला. डावा डबा फळीवर ठेवत म्हणाला, "भारी, काका! म्हणजे तुम्ही तिच्या शेजारी बसून बघितलंय की सगळं."

"नाही," मी म्हणालो. "दोनदा बोलावलं होतं तिनं."