तासगाव रस्त्यावरचं जेवण

आईचा उजवा हात अर्धांगवायूनं गेल्यावर आम्ही तिला पहिल्यांदाच बाहेर जेवायला नेलं, तासगाव रस्त्यावरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये. मटण कच्चं होतं. परत पाठवलं, तर तेच नुसतं गरम होऊन आलं. गावच्या जत्रेत मटण शिजलं नाही म्हणून पंगत थांबवून ठेवणारी माझी आई डाव्या हातानं मुकाट जेवत होती.

“शिजलंय का गं?” मी विचारलं.

“चांगलं हाय की.”

हात धुवायला नेलं, तेव्हा तिच्या पदरात चावून काढलेले तुकडे सापडले.

“एवढ्या हौसेनं आणलंत तुमी,” ती खाली बघत म्हणाली.

घरी आल्यावर दूध-भाकरी कुस्करून दिली, ती तिनं भराभरा खाल्ली.