डाव्या बाजूची पथारी

कोण कसं झोपणार हे कांताला माणूस जागं असतानाच कळायचं. चहाचा कप हातात घेऊन एखादी बाई कशी टेकून बसली, पाय पोटाशी घेतले की लांब सोडले, एवढ्यावरून ती सांगायची: ही कुशीवर झोपणार, हिला भिंत लागणार, आणि ही घोरणार, पण सकाळी मान्य करणार नाही. अख्खी नोकरी बालवाडीत गेली तिची. दुपारी पोरं ओळीने झोपवायची, लाथा मारणाऱ्याला कडेला घालायचं, रडणारीला आपल्या मांडीजवळ. पोरं मोठी झाली की बाया होतात आणि सवयी त्याच राहतात, असं तिचं म्हणणं.

निवृत्त झाल्यावर ही विद्या महिला मंडळाच्या शिबिरात कामाला आली. ठाणे, डोंबिवली, दिवा, कल्याण अशा सगळीकडच्या बायका दर जानेवारीत दोन दिवस एकत्र येतात, पांढरी साडी नेसून भंतेंकडून, म्हणजे बौद्ध भिक्खूंकडून, अष्टशीलाचे आठ नियम घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत, ध्यान करतात, आणि मधल्या वेळात भरपूर बोलतात. आधी हे शिबिर शाळेच्या हॉलमध्ये व्हायचं. हल्ली ते आंबिवलीजवळ काळुरामच्या शेतावर होतं, तंबूत. भात कापलेलं मोकळं रान, बांधावर दोन आंबे, आणि ओळीने लावलेले तंबू. शहरातली माणसं हौसेने येऊन तंबूत झोपतात हे कळल्यापासून काळुराम जानेवारीत दुसरं पीकच घेत नाही.

कांताची पद्धत ठरलेली. तंबू उभे राहिले की भर उन्हात ती प्रत्येक तंबूत जाऊन आडवी व्हायची. पाठीला खडा लागला की उठून तो काढायचा, पुन्हा आडवं व्हायचं. उतार कुठे आहे ते बघायचं आणि डोकं नेहमी चढाकडे. खाली पेंढा, त्यावर ताडपत्री, मग चटई, मग ज्याची त्याची गोधडी. थंडी वरून येत नाही, खालून येते, म्हणून अंगावर एक पांघरूण कमी चालेल, अंगाखाली दोन हवीत. गुडघेदुखीवाल्या तंबूच्या तोंडाशी. घोरणाऱ्या सगळ्या एका तंबूत.

"ताई, जमीन झोपून मोजता काय?" काळुराम हसायचा.

"मग? उभ्याने झोपायचंय का आम्हाला?"

आणि एक नियम. उंच, ऐषारामी बिछान्यावर झोपणार नाही असं शील घेतल्यावर खाट नाही, गादी नाही. नियम आधीपासून होताच, पण तो कडक केला कांताने. गेल्या वर्षी मंदाकिनीबाईंनी घडीची खाट आणली होती, ती तिने सगळ्यांदेखत टेम्पोतून परत पाठवली. मंदाकिनीबाई म्हणजे मायाच्या सासूबाई. आणि माया म्हणजे कांताची लहानपणापासूनची मैत्रीण. म्हणूनच कांताला त्या प्रसंगाचा जरा अभिमानच होता. जिवाभावाच्या मैत्रिणीच्या घरालासुद्धा सूट नाही! बायका म्हणायच्या, "कांताताई सांगतील तिथे पथारी, आणि सांगतील तशी." हे वाक्य कांताला पदकासारखं वाटायचं. दुसरं पदक तिला आयुष्यात मिळालंही नव्हतं.

मायाची पथारी मात्र कधी ठरवावी लागली नाही. कांताला उजव्या कानाने नीटसं ऐकू येत नाही, म्हणून माया कायम तिच्या डाव्या बाजूला. कल्याणच्या चाळीत एका गोधडीत झोपायच्या तेव्हापासून. लग्नं झाली, कांता दिव्याला गेली, माया ठाण्यात खोपटला. पण शिबिरात आडवं झालं की डाव्या कानाशी मायाची कुजबुज सुरू.

खाट परत पाठवली त्याच वर्षी पावसाळा संपता संपता कांताची पाठ गेली. दिव्याला पाण्याचं काय सांगावं! नळ खाली आणि घर वर. हंडा उचलताना कंबरेत काहीतरी कटकन झालं आणि ती जिन्यातच बसली. डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्याची चकती सरकलीय म्हणाले. गार फरशीवर, कडक जमिनीवर झोपायचं नाही.

सीताराम, तिचा नवरा, ऐकून म्हणाला, "झालं! अख्ख्या मंडळाला जमिनीवर आपटलंस, आता तू विमानात झोप."

कांताला हसू आलं नाही. शिबिराला जायचं नाही असं तिने ठरवून टाकलं. गादी घेऊन गेली तर कुठल्या तोंडाने? तिने हे फक्त मायाला सांगितलं.

"येडी आहेस का कांते?" माया फोनवर म्हणाली. "तुझ्याशिवाय शिबिर होतं का? तू इकडे ये ठाण्याला. आपण गुपचूप काहीतरी बघू. आपल्या तंबूत आपण दोघीच, कोणाला काय कळतंय?"

"भंतेंना विचारू या का?"

"विचार की."

पण कांताने विचारलं नाही. भंते 'हो' म्हणाले असते तर गेल्या वर्षी का विचारलं नाही, हा प्रश्न आला असता. तो तिने मनातसुद्धा पुरता येऊ दिला नाही.

खोपटच्या बस डेपोपासून थोड्या अंतरावर ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदाराने दोन पांढऱ्या केसांच्या बायका बघून विचारलं, "हिमालयात का?"

"आंबिवलीला," माया म्हणाली.

त्याने एकेक उलगडून दाखवलं. योगाच्या चटईसारखी पातळ गुंडाळी. कांताने अंगठा दाबला, अंगठा फरशीला टेकला. नको. घडीची खाट. तिच्याकडे तिने बघितलंही नाही. कापूस भरलेली झोपायची पिशवी, आत शिरून चेन लावायची. "यात शिरले तर मला बाहेर कोण काढेल?" शेवटी पायाने पंप मारून फुगवायची हवेची गादी निघाली. कांता तिथेच, दुकानात, चपला काढून आडवी झाली. आधी पाठीवर, मग कुशीवर.

किती महिन्यांनी कंबर अशी सैल सुटली होती! तिने डोळे मिटून घेतले.

"हवा थोडी कमी भरा," ती डोळे न उघडताच दुकानदाराला म्हणाली. "टम्म फुगली की माणूस गडगडतं. कंबर जरा आत गेली पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये."

"मस्त वाटतंय ना?" मायाने विचारलं.

"माये, स्वर्ग गं."

माया पाकिटावरचं वाचत उभी राहिली.

गादी निळीशार, चकचकीत. कांताने जुन्या सुती साडीची खोळ शिवली, वरून गोधडीसारखे धावदोरे घातले. हवा कमी ठेवली की लांबून जाड गोधडीच वाटावी. ती शिवत होती तेव्हा माया दिव्याला आली होती. साडीचं टोक ताणून धरून समोर बसली होती. दोघी हसत होत्या, शाळेत कॉपी करणाऱ्या पोरींसारख्या.

"शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस."

"शपथ कसली घ्यायची आता या वयात? तुझं माझं काही वेगळं आहे का?"

शिबिराच्या सकाळी भंतेंनी शील दिलं. बिछान्याचं वाक्य आलं तेव्हा कांताचा आवाज खाली गेला. शेजारी मायाचा आवाज मात्र खणखणीत होता, एरवीपेक्षा जरा जास्तच. भंते दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो म्हणून गेले. बारा वाजायच्या आत जेवणं उरकली. मग कांताने दात आवळून, काळुरामच्या हाताला धरून, एकेका तंबूत आडवं होऊन जमीन तपासली. तो म्हणाला, "ताई, राहू द्या यंदा." ती म्हणाली, "असं कसं?" ज्यांच्या पाठीखालचे खडे आजवर काढले, त्यांना यंदा कसं सोडायचं!

सगळं झाल्यावर तिने आपल्या तंबूत मायाकडून गादीचा पंप मारून घेतला आणि बाहेर येऊन तंबूची चेन लावली.

संध्याकाळी आंब्याखाली सतरंजीवर सगळ्या जमल्या. लिंबाचं सरबत फिरलं. मंदाकिनीबाई भिंतीला टेकावं तशा झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या, पाठीमागे उशी. कोणीतरी विचारलं, "मंदाआई, यंदा झोपायचं जमेल ना?"

त्या काही बोलायच्या आत माया म्हणाली, "जमेल की. आई कांताच्या तंबूत झोपतील. तिच्याकडे फुगवायची गादी आहे."

सहज म्हणाली. सरबतात साखर कमी आहे म्हणावं इतकं सहज.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग डोंबिवलीची मृणाल, मंडळातली सगळ्यांत तरुण, हसत म्हणाली, "काय सांगता! कांताताईंकडे?" आणि उठून गेलीच बघायला. तिच्यामागे आणखी चौघी. तंबूतून तिचा आवाज आला, "अगं बाई, ही तर उडते! वरून गोधडी, आतून डनलॉप!"

सगळ्या हसल्या. दुष्टपणाने नाही. हसू यावं असंच होतं ते. पण हसून झाल्यावर जी शांतता पडते तीत एकेकीची नजर आधी मंदाकिनीबाईंकडे गेली आणि मग कांताकडे आली. कांता हातातल्या ग्लासात बघत राहिली. लिंबाची एक बी बुडाशी बसली होती.

ग्लास विसळायच्या निमित्ताने ती हातपंपावर गेली. माया मागोमाग आली, आणि पंप मारू लागली.

"गंमत केलीस का?" कांताने विचारलं. गंमत केली असं म्हण, असं तिला आतून वाटत होतं.

"नाही."

"मग?"

मायाने पंप थांबवला. "गेल्या वर्षी आईंची खाट परत पाठवलीस. मी तुला बाजूला घेऊन म्हटलं होतं, सूट दे गं, त्यांना जमिनीवरून उठता येत नाही. काय म्हणालीस आठवतंय?"

कांताला आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. 'तुझी सासू म्हणून सूट दिली तर माझ्या शब्दाला काय किंमत?'

"सकाळी दोघींनी उचलून बसवलं त्यांना. पुढे होळीपर्यंत मी रोज पाठ चोळत होते. एकदा फोन करून विचारलं नाहीस, कशा आहेत म्हणून. बरं, तेही सोड. त्या दुकानात तू गादीवर पडलीस, स्वर्ग म्हणालीस. मी वाट बघत होते कांते. म्हटलं आता हिच्या तोंडी आईंचं नाव येईल. आत्ता येईल. आज गादीत हवा भरून होईपर्यंत वाट बघितली मी."

कांता पंपाच्या ओट्यावर बसली. माया बोलली त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तेच सोसवत नव्हतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

"तुझं सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "चुकले मी. मंदाआईंची मी आता सगळ्यांसमोर माफी मागेन. पण माये, दुकानात तोंडावर बोलायचं होतंस की. तिथल्या तिथे उठवायचं होतंस मला. तू माझ्या घरी आलीस, माझ्या हातचं जेवलीस, साडीचं टोक धरून बसलीस. मी टाका घालत होते आणि तू हसत होतीस. तेव्हाच ठरवलं होतंस?"

मायाने नजर दुसरीकडे वळवली. बांधावर काळुराम पेंढ्याचा भारा उतरवत होता.

"हसत होते ते खरंच हसत होते," ती म्हणाली.

"तेच तर," कांता म्हणाली.

ऊन उतरायच्या आत पथाऱ्या लागायला हव्या होत्या. कांता आंब्याखाली परत आली आणि उभ्यानेच बोलली, कारण बसली असती तर उठता आलं नसतं. "माझी पाठ गेलीय. मी गादी आणली आणि लपवली. गेल्या वर्षी मंदाआईंना मी जमिनीवर झोपवलं, ते चुकलं माझं. मंदाआई, माफ करा मला. ज्यांना जमिनीवर झोपवत नाही त्यांनी घरून काय आणलं असेल ते अंथरा. उद्या भंतेंना मी स्वतः सांगते. ते काय म्हणतील ते मला म्हणतील."

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "माफी राहू दे गं. ती उडणारी गादी कुठाय ते दाखव." बायका पुन्हा हसल्या, या वेळी मोकळ्या.

मग कांताने नेहमीसारख्या जागा सांगितल्या. घोरणाऱ्या एकत्र, गुडघेवाल्या तोंडाशी. हवेची गादी मंदाकिनीबाईंना, तिच्याच तंबूत. हवा आणखी थोडी सोडून तिने ती त्यांच्या कंबरेला बसवून दिली. स्वतःसाठी काळुरामकडून पेंढा दुप्पट मागून घेतला, वर सतरंज्यांच्या घड्या, गुडघ्यांखाली ठेवायला कपड्यांची पिशवी. बरी झाली होती पथारी. स्वर्ग नव्हे, पण झोप येण्याजोगी.

सगळ्यांना जागा मिळाली. माया वळकटी बगलेत धरून उभीच होती.

"तुझी त्या टोकाच्या तंबूत," कांता म्हणाली. "मृणालच्या शेजारी. तिथे एकही खडा नाही, दुपारी मी बघितलंय. चढ बांधाकडे आहे, डोकं तिकडे कर. वारा लागत नाही."

शेतातली सगळ्यांत चांगली जागा होती ती. कांताच्या तंबूपासून सगळ्यांत लांबची.

माया हलली नाही. "आणि तुझ्या डाव्या बाजूला कोण?"

कांता वाकली, दुखऱ्या कमरेनेच आपली पथारी धरून ओढली, आणि तंबूच्या डाव्या भिंतीला अगदी चिकटवून लावली.

"कापड," ती म्हणाली.