बाहेरच्या बाकावरची बायको

किल्लीवाल्याच्या बायकोने साखरेचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं, तेव्हा शेजारीपाजारी पोट धरून हसले. गावभरची कुलपं उघडणं ज्याच्या डाव्या हातचा मळ, त्याला हे कुलूप काय अडवणार? पण बाई हट्टाला पेटली होती. नवऱ्याला मधुमेह झाला होता आणि तिला नवरा हवा होता, धडधाकट हवा होता.

दवाखान्यात मधुमेहाची शिकवणी असे. नवरा आत जायचा, ती बाहेर बाकावर. "तू काय करणार आत? मी सांगेन सगळं," असं म्हणायचा. आणि घरी येऊन सांगायचं काय, तर "गोड बंद." पुढे हाच शहाणा चोरून बिस्किटं खाताना दोनदा सापडला. म्हणून कुलूप.

त्या दिवशी सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून तो खायला बसणार, तोच कुणाच्या तरी दुकानाचं शटर अडकल्याचा निरोप आला. गडी तसाच उठून गेला. परतला तो भर दुपारी.

"साखर दे," दारातूनच म्हणाला.

"हात धुवा आधी. जेवायला वाढते."

"साखर दे म्हणतो ना, मूर्ख बाई."

इतक्या वर्षांच्या संसारात असा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. "जगाची कुलपं उघडता ना? उघडा हेही."

तो कपाटापुढे बसला, खिशातून तार काढली. ती हाताची घडी घालून बघत राहिली. तार भोकाच्या बाजूला लागली. पुन्हा बाजूलाच. सदरा घामाने पाठीला चिकटला होता, बोटं लटलट कापत होती. तार खाली पडली, तर तो ती भलतीकडेच चाचपायला लागला. मग त्याने मान वर केली.

"आई, दार उघड ना."

आई जाऊन वर्षं लोटली होती. बाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. पाण्यात साखर ढवळून तिने पेला त्याच्या ओठांना लावला. "गिळा. अहो, गिळा ना." घोट उतरत होता, एवढंच नशीब. त्याच्या नजरेत ओळख येईपर्यंत ती स्वतःला शिव्या घालत राहिली.

जेवणं झाल्यावर तिने विचारलं, "असं होऊ शकतं, हे सांगितलं होतं तिथे?"

"सांगितलं होतं. इंजेक्शन घेऊन खाल्लं नाही, तर रक्तातली साखर एकदम उतरते. लगेच साखर घ्यायची."

"आणि मी कुलूप लावताना गप्प बसलात?"

तो खाली बघत म्हणाला, "वाटलं, कुलूपच तर आहे. उघडीन मी."

पुढच्या शिकवणीला ती त्याच्या आधी आत शिरली. नर्स म्हणाली, "बाई, इथे फक्त पेशंट बसतात."

"ह्यांना तुम्ही सगळं शिकवलंत, ताई," ती खुर्ची ओढून बसत म्हणाली. "पण त्या वेळी ह्यांना मीही ओळखू येत नव्हते. तेव्हा शुद्धीवर मी एकटीच होते. मला शिकवा."