मागच्या बाल्कनीतलं सँडविच

दादाचा फोन आला तेव्हा मी रास अल खैमाच्या कारखान्यात, टाइल्सच्या भट्टीशेजारच्या केबिनमध्ये, कोणाशी तरी हुज्जत घालत होतो. "सुनंदा गेली रे," दादा म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" वहिनी सुट्टीला पुण्याला गेल्या होत्या, रोज कोणाकडे तरी जात-येत होत्या, म्हणून तोंडातून निघून गेलं. दादाने पुन्हा तेच म्हटलं, "गेली..." मग मला कळलं. त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही. सुट्ट्यांचे दिवस, विमानात लगेच जागा मिळाली नाही आणि मी पुण्याला पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. तेराव्याला जमलेली माणसं वहिनींच्या हातच्या पुरणपोळीबद्दल, साटोऱ्यांबद्दल, अळूच्या भाजीबद्दल भरभरून बोलत होती. मीही मान डोलावत होतो. पण वहिनींनी ज्या पदार्थात सगळ्यात जास्त जीव ओतला, त्याचं नाव त्या घरात कोणी काढलं नाही. मीही नाही काढलं. तो पदार्थ म्हणजे चिकनचं सँडविच.

नव्वदीच्या सुरुवातीला मी अल ऐनला आलो तो थेट दादाच्या फ्लॅटवर. माझं लग्न व्हायचं होतं (ते अजूनही व्हायचंच आहे, वहिनींच्या भाषेत), त्यामुळे 'घर मिळेपर्यंत' म्हणून टेकलेला मी तिथे बरीच वर्षं मुक्काम ठोकून राहिलो. वहिनी मला 'भावजी' म्हणत आणि अहोजाहो करत, पण टोमणे मारताना कसलीही भीडभाड ठेवत नसत. घर कडक शाकाहारी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. दादा आणि मी बाहेर सगळं खातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "बाहेर खाता ते चपलांसारखं बाहेरच ठेवून या," म्हणायच्या. प्रश्न आला तो निखिलचा. माझा पुतण्या तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. दुबईतल्या एका अमेरिकन खाणावळीत दादाने त्याला सँडविच खाऊ घातलं... थापटून पातळ केलेला मांसाचा भला मोठा तुकडा, वर कुरकुरीत खरबरीत कवच, पावाच्या चारी बाजूंनी बाहेर आलेला. त्या दिवसापासून पोरगा पोळी-भाजीकडे बघेना. मित्रांच्या घरी जाऊन काहीबाही खाऊन यायचा आणि आईला सांगायचा, "आय अ‍ॅम नॉट हंग्री." ते वाक्य वहिनींना फार लागायचं. शेवटी एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, त्यांनी जाहीर केलं, "जे काय खायचंय ते त्याने माझ्यासमोर खावं. मी करीन."

शिकवायला होत्या समोरच्या फ्लॅटमधल्या रत्नागिरीच्या शमीमभाभी. मूळ पदार्थ बीफचा असतो हे त्यांनीच सांगितलं, आणि वहिनी पांढऱ्या पडलेल्या बघून त्यांनीच कोंबडीवर तोडगा काढला. स्वयंपाकघरात हे होणं शक्य नव्हतं. म्हणून मागच्या बाल्कनीत विजेची शेगडी, वेगळी कढई, वेगळा पाट, मांस थापटायचा लाकडी हातोडा असा दुसरा संसार मांडला गेला. वहिनी नाकाला रुमाल बांधत आणि हातात पिवळे रबरी हातमोजे घालत. "अगं सुनंदा, मोजे घालून मसाला लागतो काय कधी? मेलेली कोंबडी आहे, चावणार नाही तुला!" शमीमभाभी ओरडायच्या. पण वहिनींचा हात बसला. कोंबडीचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तळहातापेक्षा मोठा होईपर्यंत थापटायचा, लसूण-मिरी घातलेल्या लबनमध्ये, म्हणजे इथल्या ताकात, मुरवायचा, मग मैद्यात घोळवायचा, अंडं फेटलेल्या ताकात बुडवायचा, पुन्हा मैद्यात दाबायचा आणि जरा विसावू द्यायचा. "लगेच सोडलंस की कवच तेलात सुटतं," हे भाभींचं पहिलं सूत्र. अल ऐनच्या उन्हाळ्यात, त्या तापलेल्या बाल्कनीत, उकळत्या तेलासमोर त्या रुमाल बांधून उभ्या असायच्या आणि घामाने पदर चिंब व्हायचा.

एकच अडचण होती. करणारी बाई चाखणार कशी? तिथे माझी नेमणूक झाली. पहिला तुकडा निघाला की बाल्कनीतून हाक यायची, "भावजी, मीठ बघा!" मी चाखायचो आणि म्हणायचो, "फर्स्ट क्लास." खरं सांगायचं तर मीठ नेहमी कमी असायचं. पण गरम तुकडा तोंडात असताना चिकित्सा कोण करतो? "भावजींना चव कळत नाही, नुसतं तिखट कळतं," असं म्हणत वहिनी पुढचा तुकडा सोडायच्या. निखिल दारात उभा राहून सगळं बघायचा. खाऊन झाल्यावर म्हणायचा, "मॉम, बेटर दॅन दुबई!" आणि त्या रुमालामागे वहिनी हसायच्या ते डोळ्यांत दिसायचं.

मग पुण्याहून माई आल्या. माई म्हणजे वहिनींच्या आई, सोवळ्यातल्या. त्या येण्याआधी वहिनींनी कढई, पाट, हातोडा, शेगडी सगळं गुपचूप समोरच्या घरी पोचवलं. "कढई माहेरपणाला आली गं माझ्याकडे," शमीमभाभी हसल्या. आम्हा सगळ्यांना मोठी गंमत वाटत होती. निखिलला कोणी काही समजावलं नाही, एवढं मात्र राहून गेलं. त्याचा वाढदिवस त्याच दिवसांत होता. वर्गातले मित्र आले. टेबलावर केक, बटाटेवडे, वेफर्स. निखिलने सगळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॉम, व्हेअर इज द सँडविच? आय टोल्ड एव्हरीवन." माई सोफ्यावरच बसल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "कसलं सँडविच? आपल्या घरात असलं काही होत नाही." पोरगं हसलं, त्याला वाटलं आई चेष्टा करतेय. "बट यू मेक इट! एव्हरी फ्रायडे!" वहिनींचा आवाज चढला. "ते शमीमभाभी करतात. निखिल, खोटं बोलू नये." मित्र एकमेकांकडे बघून हसले. निखिल माझ्याकडे वळला, "काका, टेल देम! यू टेस्टेड इट!" ...मी वड्याला चटणी लावत होतो. ती लावतच राहिलो.

माई परत जाताना विमानतळावर मी गाडीतून सामान काढत होतो. त्यांनी वहिनींना जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "पोराला चारचौघांत खोटं पाडलंस ते बरं नाही केलंस, सुनंदा. त्या बाल्कनीच्या भिंतीलासुद्धा वास आहे गं. मी म्हातारी झाले, नाक नाही गेलं माझं." परतीच्या रस्त्यावर अल ऐनपर्यंत वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या आणि मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. माणूस स्वतःला लाजतो म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. चोरी लपवायची होती ती जिच्यापासून, तिला ती केव्हाच कळली होती, आणि त्यासाठी बळी गेला होता पोराचा.

त्याच शुक्रवारी शेगडी परत बाल्कनीत आली. वहिनींनी सँडविच केलं, पानात वाढलं. निखिल शांतपणे म्हणाला, "नो थँक्स, मॉम. आय अ‍ॅम नॉट हंग्री." ना राग, ना रुसवा. एरवी आईशी गप्पा मारायचा, शाळेतलं सगळं सांगायचा, पण सँडविचला हात लावायचा नाही. वहिनींनी हट्ट धरला नाही आणि करणं सोडलंही नाही. पुढच्या वाढदिवसाला तर त्यांनी भली मोठी परात भरून सँडविचं टेबलावर ठेवली आणि सगळ्या मुलांसमोर उभ्या राहून, बहुधा आठवडाभर पाठ केलेल्या इंग्रजीत, म्हणाल्या, "लास्ट इयर आय टोल्ड लाय. निखिल नो लाय. आय ओन्ली मेक." मुलांना गेल्या वर्षीचं काही आठवतही नव्हतं. "ओके, आँटी," म्हणून त्यांनी केचपची बाटली पुढे ओढली. निखिलचे कान लाल झाले. "मॉम, प्लीज!" म्हणून तो आत निघून गेला. त्या संध्याकाळी वहिनी बाल्कनीत कढई घासत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "माफी मागायचीसुद्धा वेळ असते, भावजी. ती गेली की नुसता तमाशा होतो."

त्यानंतरही दर शुक्रवारी शेगडी पेटायची. दादा आणि मी खायचो, आणि एक सँडविच वहिनी फॉइलमध्ये गुंडाळून, डब्यात बंद करून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. कोणासाठी ते बोलत नसत. शनिवारी सगळे आपापल्या कामाला, शाळेला गेले की डबा रिकामा सापडायचा. एकदा त्यांनी मला विचारलं, अगदी सहज, पाठमोऱ्या उभ्या राहून, "भावजी, ते उरलेलं तुम्ही नेलंत का?" दादाच्या रक्तात तेव्हा नुकतीच साखर निघाली होती, वहिनींनी त्याचं खाणं मोजूनमापून ठेवलं होतं. मला वाटलं, हाच चोरून हाणत असणार. भावाला वाचवावं म्हणून मी म्हणालो, "हो, मीच." वहिनी जरा थांबल्या. "बरं," म्हणाल्या. मग पुढे ते 'भावजींचं सँडविच' झालं, आणि मला झणझणीत आवडतं म्हणून त्यात त्या हिरवी मिरची चिरून घालायला लागल्या. ते कधीच माझ्या तोंडात पडलं नाही, पण 'कसं झालं होतं?' विचारलं की मी ठरलेलं उत्तर द्यायचो. निखिल कॉलेजसाठी पुण्याला गेला, मी रास अल खैमाला आलो आणि शेगडी बंद झाली.

गेल्या शुक्रवारी मी अल ऐनला गेलो. दादा आता इथलं आवरून परत जाणार आहे. निखिल त्याला मदतीला आलाय, खोकी भरतोय. वीस वर्षांचा झाला, दाढी ठेवलीय. दुपारी तो कोंबडी घेऊन आला आणि कोणाशी काही न बोलता मागच्या बाल्कनीत गेला. थापटण्याचा आवाज आला तसा दादा उठून बेडरूममध्ये गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मी बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. निखिलच्या हातात वहिनींचे पिवळे मोजे होते. ताक, मैदा, पुन्हा ताक, पुन्हा मैदा... एक पायरी चुकली नाही. तुकडा विसावू दिला, मग तळला. तुकडा मोडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "काका, मीठ बघा." जन्मभर आम्हाला इंग्रजीत उत्तरं देणारं पोर!

मी चाखलं. "फर्स्ट क्लास."

"नाही," तो म्हणाला. "कमी आहे. आईचंपण कमीच असायचं. थंड झाल्यावर जास्त कळायचं."

"थंड कधी खाल्लंस तू?"

"सॅटर्डेला. फ्रिजमध्ये ठेवायची ना, फॉइलमध्ये. आय टुक इट टू स्कूल. एव्हरी सॅटर्डे." त्याने पुढचे तुकडे तेलात सोडले. "नंतर नंतर मिरची खूप घालायला लागली. पोट जळायचं माझं. तरी खायचो. शी न्यू, राइट? माझ्यासाठीच ठेवायची ना ती?"

मी खाली बघितलं. हातात वडा नव्हता, चटणी नव्हती, गुंतवून घ्यायला काहीच नव्हतं. पाठमोऱ्या वहिनी, ते थांबणं, ते 'बरं'... एवढंच डोळ्यांसमोर आलं. ज्या एका उत्तरासाठी ती बाई वर्षानुवर्षं तेलासमोर भाजत उभी राहिली, ते उत्तर तिच्या घरात, तिच्याच मुलाच्या दप्तरात जात होतं, आणि मध्ये मी उभा होतो. हो म्हणालो असतो तर पोराला बरं वाटलं असतं. पण या घरात त्याच्यासमोर पुन्हा खोटं बोलायला माझी जीभ उचलेना.

"नाही रे," मी म्हणालो. "तिने मला विचारलं होतं. मी म्हणालो, मीच नेलं. ती मिरची माझ्यासाठी होती."

त्याने शेगडी बंद केली. तेलातले तुकडे काढून कागदावर ठेवले. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मीपण सांगितलं नाही ना तिला. रोज वाटायचं, उद्या सांगू." मग त्याने सगळं पुसून काढलं, आम्ही दोघांनी उभ्या उभ्या एकेक खाल्लं आणि एक त्याने फॉइलमध्ये गुंडाळून आत नेलं. मोजे धुऊन दोरीवर वाळत घातले. ती त्यांची नेहमीची जागा.

शनिवारी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो. दादा दूध काढायला फ्रिजपाशी वाकला आणि खालच्या कप्प्यातला डबा उघडून बघत राहिला. फॉइलवरून त्याने नुसता हात फिरवला.

"हे कोणाचं?" त्याने विचारलं. विचारताना आधी माझ्याकडे बघितलं, सवयीने.

"माझं," निखिल म्हणाला.