मागच्या वेळी पाच होतं

माझ्या डोळ्यांत पटकन पाणी येतं. वर्गात कविता शिकवताना येतं, रस्त्यात कोणी बैलाला मारताना दिसलं की येतं, आणि नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे कांदा न चिरताही येतं. हे मी आधीच सांगून टाकते. ही गोष्ट मी एकीला विश्वासानं सांगितली होती आणि तिनं ती चार माणसांच्या बैठकीत मांडली. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

ती माझी मैत्रीण. संगमनेरच्या एका कॉलेजात ती मानसशास्त्र शिकवायची, मी जवळच्या शाळेत मराठी. सकाळी प्रवरेच्या काठानं आम्ही दोघी चालायला जायचो आणि सासूपासून सांधेदुखीपर्यंत सगळं बोलून व्हायचं. तेव्हा तिची पीएच.डी. चालू होती. माणसाचा स्वभाव मोजायची एक परदेशी प्रश्नावली तिला आपल्याकडच्या माणसांसाठी मराठीत आणायची होती, आणि मराठी म्हटल्यावर मी हाताशी होतेच.

मला त्या कामाची गोडी लागली, हे कबूल केलं पाहिजे. स्वभाव म्हणे पाच पट्ट्यांवर मोजतात. माणूस चारचौघांत किती रमतो, किती नेटका आहे, किती मायाळू आहे, नव्या गोष्टीला किती राजी असतो आणि किती चटकन घाबरतो, खचतो. प्रत्येक पट्टीसाठी साधी साधी वाक्यं असतात आणि वाक्यापुढे एक ते पाच आकडे. अजिबात पटत नसेल तर एक, पुरेपूर पटत असेल तर पाच. तीच गोष्ट पुढे उलटी करून पुन्हा विचारायची, म्हणजे न वाचता खुणा करणारा सापडतो. मध्येच 'मी आयुष्यात कधीच खोटं बोललेलो नाही' असलं एखादं वाक्य पेरायचं. त्याला जो पाच देतो, त्याच्या बाकीच्या उत्तरांकडेही जरा संशयानंच बघायचं. आणि सगळ्यांत शेवटी, काही महिन्यांनी त्याच माणसांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. स्वभाव काही लगेच पालटत नाही, त्यामुळे उत्तरं जुळली तर पट्टी भरवशाची.

तिचं भाषांतर अगदीच कोरडं होतं. 'मी सामाजिक प्रसंगी ऊर्जावान असते,' असं तिनं लिहिलेलं. मी विचारलं, "असं कोण बोलतं गं?" आणि खोडून लिहिलं, 'लग्नकार्यात चार माणसं भेटली की मला हुरूप येतो.' असं एकेक वाक्य आम्ही घासूनपुसून घेतलं. पहिल्या पानावर सूचना होती, 'आपली माहिती गोपनीय ठेवण्यात येईल.' तेही मला सरकारी वाटलं. मी लिहिलं, 'तुम्ही सांगितलेलं आमच्यापाशीच राहील.' ती म्हणाली, "वा! हे वाचून माणूस मन मोकळं करेल." ते वाक्य माझं आहे, हे मी अजून विसरू शकत नाही.

मग आम्ही सकाळी सकाळी दूध संकलन केंद्रावर जाऊन बसायचो. डेअरीला दूध घालायला आलेल्या बायकांना एक ते पाच काही केल्या कळेना. शेवटी मीच म्हटलं, कालवणातल्या तिखटासारखं सांगा, नावाला आहे, बेताचं आहे, का जाळ आहे? मग भराभर उत्तरं यायला लागली. पण तिथं कोणाचं उत्तर कोणी एकटीनं देईल तर शपथ. एकीला विचारलं, राग पटकन येतो का? ती आपली लाजून गप्प. मागं किटली घेऊन उभी असलेली तिची जाऊ म्हणाली, "तिला काय इचारता? मला इचारा. जाळ हाय जाळ. पाच लिवा." सगळ्या हसल्या आणि ती बाईही हसली. मैत्रिणीनं ते उत्तर बाद केलं. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यांत खरं उत्तर तेच होतं.

आमच्या शाळेच्या स्टाफरूमनं मात्र कमाल केली. शाळेत आलेला कुठलाही कागद चांगलं चांगलं लिहून वर पाठवायचा असतो, हे आम्हा शिक्षकांच्या इतकं अंगवळणी पडलंय, की नावाच्या जागी नुसता क्रमांक असूनही सगळ्यांनी सवयीनं तसाच भरला. मैत्रीण कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, तुमच्याकडे सगळी देवमाणसंच दिसतायत. कोणाला राग येत नाही, कोणी कधी खोटं बोललेलं नाही. तू तरी खरं लिही बाई."

मी खरं लिहिलं. तिच्याच जेवणाच्या टेबलावर, तिच्यासमोर बसून, तिनं दिलेल्या पेन्सिलीनं. 'लहानसहान गोष्टी माझ्या मनाला लागतात.' पाच. 'माझे डोळे पटकन भरून येतात.' पाच. 'जरा कुठे खुट्ट झालं की मला जाग येते.' पाच. 'मी माणसांवर सहज विश्वास ठेवते.' त्यालाही पाच.

त्याच सुमारास आमच्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाला नवी अधीक्षिका नेमायची ठरली. मी भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. पाचवीत असल्याच एका वसतिगृहात आले आणि कित्येक दिवस पांघरुणात तोंड खुपसून रडले. तिथल्या बाईंना व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून रडणं ऐकू यायचं. त्या येऊन नुसत्या शेजारी बसायच्या, काही विचारायच्या नाहीत. त्यांच्यासारखं व्हायचं, एवढी एकच हौस मी नोकरीभर बाळगली. मैत्रिणीला हे चालता चालता मी इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ते पाठ झालं असेल. मी लगेच अर्ज केला. निवड समितीत तज्ज्ञ म्हणून तिलाच बोलावल्याचं कळलं, तेव्हा मी घरी गोडाचा शिरा केला. आपलं माणूस आत आहे म्हटल्यावर आणखी काय हवं होतं?

जागा दुसऱ्या एका बाईंना मिळाली. त्या हसतमुख आहेत, शांत आहेत, माझा त्यांच्यावर काही राग नाही. मला कोणी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कारण मला बाजारात कळलं. समितीतले एक वयस्कर शेतकरी सभासद मेथीच्या जुड्या निवडत होते. मला बघून अगदी काळजीनं म्हणाले, "म्याडम, तब्येत बरी हाय का आता?"

"मला काय झालंय दादा?"

"न्हाई, त्या कालेजच्या बाई म्हनल्या, तुमाला झोप लागत न्हाई, रडू लई येतं. मापात बसत न्हाई म्हनं तुमचं. आमी म्हनलं, मग कशाला उगं तरास द्यायचा तुमाला."

त्यांच्या डोळ्यांत खरंच माया होती. मी मेथी न घेताच घरी आले. झोपेचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. ते फक्त त्या एका कागदावर होतं.

दुसऱ्या दिवशी चालायला गेल्यावर मी तिला सरळ विचारलं. ती थांबली नाही, चालतच राहिली. म्हणाली, "अगं, मी तुझा कागद कुठे कोणाला दाखवला? मी फक्त मत दिलं. आणि तुझ्या भल्यासाठीच दिलं. पोरींची आजारपणं, रडारडी, पालकांची भांडणं, तुला झेपलं नसतं. चाचणीत स्पष्ट दिसत होतं."

"चाचणी तिथं बोलली नाही," मी म्हटलं, "तू बोललीस."

"तू बघ कशी लगेच मनाला लावून घेतेस."

यावर चिडून काही बोलले असते तर तिचीच पट्टी खरी ठरली असती. मी तिथूनच मागं फिरले. खुट्ट झालं की जागी होणारी बाई वसतिगृहाला नको, मग कसली हवी? गाढ झोपणारी? हा प्रश्न मला घराच्या पायऱ्या चढताना सुचला आणि तेव्हापासून मी तो मनातल्या मनात तिला रोज विचारते. चारचौघांत वाईट बोलणारे पुष्कळ भेटले, त्यांचं मला काही वाटत नाही. हिनं मात्र मी विश्वासानं हातात दिलेलं सत्यच माझ्यावर उलटवलं. केसानं गळा कापला, दुसरा शब्द नाही.

सकाळचं चालणं बंद झालं. काही महिने गेले आणि एक दिवस ती घरी आली. हातात पेढ्यांचा पुडा आणि तीच प्रश्नावली. पुन्हा भरून घ्यायची वेळ झाली होती. आधीच पुष्कळ माणसं गळाली होती, आणखी एक गळलं तर प्रबंध अडकेल, म्हणाली. मी चहा ठेवला. बाकीच्या स्टाफरूमसारखं मलाही आता देवमाणूस होता आलं असतं. राग एक, रडू एक, झोप छान. मनात आलंही. पण मी पुन्हा खरं तेच लिहिलं. डोळे भरून येतात, पाच. जाग येते, पाच. मनाला लागतं, पाच. पहिल्या पानावरचं माझं वाक्य मी वाचलं नाही.

तिनं कागद घेतला, तिथंच उभ्यानं त्यावरून नजर फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे चुकून खूण झाली बघ तुझी. विश्वासाच्या वाक्याला एक केलंस. मागच्या वेळी पाच होतं."

इतक्या महिन्यांपूर्वीचा माझा आकडा तिला तोंडपाठ होता. मी म्हटलं, "चुकून नाही झाली."

"अगं, पण स्वभाव असा बदलत नसतो. बाकी सगळं जुळतंय. हे एकच..." आणि तिनं पर्समधून खोडरबर काढून माझ्यापुढे धरलं. "एवढं एक दुरुस्त कर ना. माझ्यासाठी."

मी खोडरबर घेतलं नाही. टेबलावर नवऱ्याचं पेन पडलं होतं. ते उचललं आणि त्याच एकावर शाईनं पुन्हा खूण केली.