जुनी आणि नवी आवृत्ती

अंजूरची हेमाली आधी गोदामात कॉम्प्युटर ऑपरेटर होती. आता ती भिवंडीतल्या एका कॉलेजात खाडीच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या गटाचे कॉम्प्युटर सांभाळते. उपग्रहाकडून आलेल्या तापमानाच्या फायली तिथे माऊसने उघडत नाहीत, काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतात. ते सॉफ्टवेअर बसवणं हे हेमालीचं काम.

एकदा नव्या फायली जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेनात. हेमालीने जुनं काढून नवं बसवलं. फायली उघडल्या, पण गटातल्या, पडघ्याच्या दिपालीचे जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारे प्रोग्राम बंद पडले. तिची पीएचडी त्यांच्यावरच चालली होती आणि प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती.

"काढायच्या आधी मला विचारलं का न्हाय?" दिपाली म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून हेमालीला जास्त लागलं.

"माझं चुकलं. बसवून देते परत."

जुनी आवृत्ती इंटरनेटवर सापडली, पण बसवायला गेलं की ती नव्या आवृत्तीच्या फायली पुसू पाहत होती. शेवटी हेमालीने जुनीसाठी कॉम्प्युटरवर वेगळी जागा केली आणि नवीला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही चालू झाल्या. दिपालीने मागच्या वर्षीचा तापमानाचा नकाशा पुन्हा काढून पाहिला. आकडे तेव्हाच्या आकड्यांशी जुळले.

"हे मला पण शिकव," ती म्हणाली. "इथून गेल्यावर माझं मलाच करायचं हाय."

हेमालीने शेजारची खुर्ची ओढली आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.