जेवून आला का?

मोटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, मोटरीसोबत फुकट येतात! तिरोड्यात भाऊंच्या दुकानात मी काउंटर सांभाळतो. शेतातल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करणारे भाऊ आमचे मालक. धानाच्या रोवणीत येणारा प्रत्येक जण एकच शब्द घेऊन येतो, "अर्जंट!" मग आधी कोणाची मोटर उघडायची, हे भाऊ ठरवतात तरी कसं? मला पहिल्या दिवसापासून याचंच कुतूहल.

*

एकदा दवनीवाड्याचा एक गडी धापा टाकत आला. "लई अर्जंट हाये भाऊ!"

"जेवून आला का?"

"हो जी, मस्त वांग्याची भाजी होती."

"मंग सांजच्याले येजो."

त्याच्या मागे एक म्हातारे शेतकरी उभे होते. त्यांनाही तोच प्रश्न.

"जेवन कायचं बाप्पा! रोवायचे पऱ्हे वाळून रायले."

धानाची रोपंच वाळत होती; त्यांची मोटर भाऊंनी लगेच उघडली. दवनीवाड्याचा गडी माझ्याकडेच बघत बसला, जणू भाजी मीच वाढली होती!

*

ही बातमी गावोगाव पसरली आणि सगळेच उपाशी येऊ लागले! भाऊंनी समोरच्या टपरीवरून पोहे मागवायला सुरुवात केली. प्लेट चाटूनपुसून जो "थोडी तर्री टाक ना" म्हणेल, त्याची मोटर शेवटी. ज्याची प्लेट हातात तशीच राहील, त्याची आधी.

"एवढे पोहे कायले वाया घालवता भाऊ?" मी विचारलं.

"वाया कायले? उरले का मी खातो ना!"

*

मी गोंदियाला एका ट्रेनिंगला जाऊन आलो. तिथे कामांचे चार चौकोन शिकवले. तातडीचं वेगळं, महत्त्वाचं वेगळं. मी मोठ्या हौसेनं दुकानात फळा लावला. दुपारपर्यंत गिऱ्हाइकांनी आपापली नावं पुसून पहिल्या, तातडीच्या चौकोनात नेली. जागा पुरेना, तर मधली रेघच पुसली!

भाऊ फळ्याकडे बघत राहिले. "बाकी खोल्या कायले बांधल्या बे? सारे भाडेकरू एकाच खोलीत राहून रायले!"

"आता महत्त्वाचं, पण घाई नाही, असं एखादं काम सांगा," मी म्हणालो.

भाऊंनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे त्यांच्या घरच्या विहिरीची मोटर होळीपासून पडून होती. "घरचं काम हाये. कुठं पळून जाऊन रायलं?"

तिकडे घरी वहिनी रोज शेजारच्या बोअरवरून बादल्या वाहत, आणि दुपारी भाऊंचा डबाही दुकानात आणून देत. मला फार वाईट वाटायचं, पण मालकाला बोलणार कोण?

*

मग ती दुपार आली. रोवणी जोरात, बाक गच्च भरलेला, आणि भाऊ एका मोटरीत डोकं घालून बसलेले. वहिनी रिकाम्या हातानं आल्या आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत बाकाच्या टोकाला बसल्या. कोणीतरी आलं एवढंच भाऊंना कळलं. मान वर न करता सवयीनं विचारलं, "जेवून आला का?"

"हो जी, पोटभर," वहिनी म्हणाल्या. "तुमचाच डबा नाई आनला."

भाऊंची मान हळूच वर आली.

तेवढ्यात दवनीवाड्याचा तोच गडी बाकावरून उठला. कोपऱ्यातली मोटर त्यानं स्वतः उचलली आणि भाऊंपुढे आणून ठेवली.

"आमचं राहू द्या भाऊ. हे अर्जंट हाये!"